चुंबकाची फळी

नाथाजी हवालदाराला पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी पोत्यावर बसवून जेवू घातलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात, बसऱ्याकडं, चिखलात उकिडवं बसून डाळरोटी खाल्ली असेल, पण ती सरकारची चाकरी होती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोच्या चुलीपुढं त्याचा सागवानी पाट तीस वर्षं एकाच जागी मांडला जायचा. आणि आज हातपाय धुऊन येऊन बघतो तर पाटाच्या जागी ज्वारीचं रिकामं पोतं, चौघडी करून.

"पाट कुठाय?"

अंबूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "केरबानं न्हेलाय."

"कशापायी?"

"फळी कराय."

"मोडला का काय?"

"मोडला न्हाई. भोक पडलंय त्येला."

नाथाजी पोत्यावर बसला. पोतं टोचत होतं. भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवून दिला, कारण परड्यातनं ठोकण्याचा आवाज परत सुरू झाला होता. आठ दिवस तो आवाज ऐकून त्याचं डोकं पिकलं होतं.

केरबा हा त्याचा एकुलता एक मुलगा. एक्केचाळीसला पलटणीत गेला, सेहेचाळीसच्या वैशाखात परत आला. त्याच्याबरोबरची पोरं आली ती कामाला लागली. कुणी पोलिसात गेला, कुणी कराडला मोटारीवर लागला, कुणी बैलं घेतली. आणि ह्या पठ्ठ्यानं काय आणलं, तर चार सुऱ्या आणि पाच चुंबक. चुंबक म्हणजे मोडक्या लष्करी मोटारींतनं काढलेले, घोड्याच्या नालासारखे वाकलेले, मुठीएवढे जाड. इटलीत त्याच्या भटारखान्याच्या भिंतीला म्हणे एका मेकॅनिकनं असल्या चुंबकांची फळी करून दिली होती. सुरी नुसती टेकवायची, चिकटून बसायची. म्यान नको, खिळा नको, हुडकाहुडकी नको. तसली फळी आईला करून द्यायची, हा नाद त्यानं बोटीवरच डोक्यात घेतला होता.

आता खरं दुखणं सांगायचं तर फळीचं नव्हतंच. केरबा पलटणीत लांगरी होता. लांगरी म्हणजे आचारी. भटारखान्यात पाच वर्षं कांदे चिरून आला. आणि नाथाजीनं इकडं चावडीवर पाच वर्षं सांगितलं होतं की आमचा केरबा संगिनीच्या लढाईत पुढं असतो. केरबानं आल्या आल्या, गाडीतनं उतरल्या उतरल्या, विचारणाऱ्या पहिल्या माणसाला हसत सांगितलं, "लांगरी हुतो की. साडेतीनशे माणसांचा सैपाक." ना लाज ना शरम. नाथाजीला वाटलं, ह्याला परत गाडीत बसवून द्यावं.

बरं, फळी करायची तर कर. पण घरात सुरी वापरणार कोण? सगळ्या मुलखात बाया विळीवर चिरतात. खाली बसायचं, विळीवर पाय ठेवायचा, कांदा असो नाहीतर मटण, दोन हातांनी पात्यावर ढकलायचं. केरबानं पहिल्याच दिवशी खोकं उलटं टाकून त्यावर उभ्यानं कांदा चिरून दाखवला. खटखटखटखट, बघता बघता ढीग. अंबूबाई बघत राहिली आणि म्हणाली, "लय झ्याक. पर उभ्यानं कांदा चिरायचा म्हंजे घोड्यावर बसून भाकरी थापायची." आणि आपली विळी पुढं ओढून बसली. तरी ह्याचा नाद सुटला नाही.

पहिल्यांदा गेला नाथाजीचा पाट. त्याला मागच्या बाजूनं पटाशीनं खाच पाडली, चुंबक आत बसवला. पुढं लाकूड बोटभर जाड राहिलं, तेवढ्यातनं चुंबकाची ओढ पोचेना. सुरी टेकवली की खाली. म्हणून आणखी खोदलं, तर पटाशी आरपार गेली. मग गोठ्याच्या दाराची बाभळीची फळी काढली. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरली, आणि चार दिवस दाराला तरट लावून म्हशी राखायची पाळी नाथाजीवर आली. मधेच एक चुंबक वेडावाकडा बसतो म्हणून केरबानं लोहाराच्या भट्टीत लाल करून सरळ ठोकला. झालं त्याचं नुसतं लोखंड. तापवलं की चुंबकाची ओढ जाते हे त्याला चांगलं ठाऊक होतं, पण भट्टी बघितल्यावर इसरलो म्हणाला. राहिले चार.

"आरं, चार सुऱ्या हायत तर चार खिळं मार," नाथाजी करवादला. "एका टायमाला काम संपलं."

"खिळ्यानं धार मरती, आबा."

"आन् माजं डोस्कं मरतंय, त्येचं काय?"

केरबा हसला. तो चिडतच नसे, हाच तर वैताग होता. शेवटी कराडच्या वखारीतनं त्यानं हातभर लांबीची, चांगली रुंद सागवानी फळी आणली. मागनं चार खाचा पाडल्या, बेतानं, रोज थोडं थोडं खरवडून, पुढं पापडाएवढं लाकूड राहीपर्यंत. चुंबक बसवले, वर राळ ओतली, मागून पट्टी ठोकली, जवसाचं तेल चोळलं. भाद्रपद संपायला आला तेव्हा फळी झाली.

आणि त्या दिवशी नाथाजीचा अडकित्ता हरवला. सोप्यात हुडकला, चंचीत हुडकला, अंबूबाईला दोन शब्द सुनावले. तो निघाला फळीला चिकटलेला. केरबा फळी मांडीवर घेऊन सोप्यात बसला होता, आणि फळीनं शेजारचा अडकित्ता ओढून घेतला होता.

"बगा, आबा," केरबा म्हणाला. "लोखंड दिसलं की सोडत न्हाई. आता ह्यो तांब्या लावा." त्यानं पितळी तांब्या फळीला टेकवला. तांब्या घसरून मांडीवर आला. "पितळ न्हाई धरत. तांबं न्हाई, चांदी न्हाई. निस्तं लोखंड. त्येला फसवता येत न्हाई."

नाथाजीच्या हातातली सुपारी हातातच राहिली. त्याची नजर आपोआप वर गेली. सोप्याच्या भिंतीला, देवांच्या तसबिरीखाली, तलवार टांगलेली होती. लाल मखमलीच्या म्यानातली. पाच पिढ्यांची. ती नेमकी कुठल्या लढाईतली हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं ती सगळ्याच लढायांतली होती.

आणि ती खोटी होती. पितळेची, वर कल्हई केलेली. हे जगात एकट्या नाथाजीला ठाऊक होतं.

गोष्ट बेचाळीसची. सगळ्या जिल्ह्यात धामधूम चालली होती. तारा तुटत होत्या, पोरं रानात राहत होती, गावोगाव झडत्या पडत होत्या. एका दुपारी कुणीतरी बातमी आणली की उंब्रजला पोलीस उतरलेत, सकाळी आपल्या गावाला वेढा पडणार, ज्याच्या घरात हत्यार सापडेल त्याला दोरांच्या काढण्या लावून नेणार. नाथाजीची पेन्शन सरकारची. पोरगा सरकारच्या पलटणीत. त्यानं भर दुपारी दाराला आतनं कडी घातली. बसऱ्याला गोळ्या खाल्लेला माणूस, पण तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि आजूबाजूला पलटण होती. इथं एकटा होता. तिन्हीसांजेला त्यानं तलवार म्यानातनं काढली, घोंगड्याखाली घेतली, आणि मारुतीच्या मागच्या पडक्या आडात टाकून दिली. बुडुक झालं आणि संपलं. म्यान तेवढं घरात ठेवलं.

सकाळी कुणी आलं नाही. दुपारी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. गावाकडं साधा एक शिपाईसुद्धा फिरकला नाही.

आता आडात उतरायचं तर माणूस लावायला हवा, आणि माणूस लावला की गाव जागं. महिनाभरावर दसरा आलेला. नाथाजीनं घरात सांगितलं, तलवार कराडला धारंला दिलीया. कराडात एक नाटक कंपनी बुडाली होती, तिचं सामान विकायला काढलं होतं. त्यातनं त्यानं ही पितळेची उचलली. आकार बरोबर, वजन बरोबर, म्यानात गेली. चार खंडेनवम्या तिच्यावर हळदीकुंकू वाहून झालं होतं. भावकी पाया पडून गेली होती. दरवेळी पूजा होईस्तोवर नाथाजी तलवारीपुढनं हलायचा नाही, आणि मटणाला बसला की विसरायचा.

"आबा," केरबा फळी पुसत म्हणाला, "औंदा खंडेनवमीला फळी सोप्यात लावतो. सुऱ्या खाली, आन् वर आपली तलवार. म्यानाबिगर. सगळ्या भावकीला दिसंल."

नाथाजीनं सुपारी तोंडात टाकली, न कातरताच.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली आणि तोंडही कडू झालं. आधी त्यानं शास्त्र काढलं. तलवार भुईवरच पुजायची असते, पाटावर. केरबा म्हणाला, पाटाला भोक पडलंय. मग त्यानं वजनाचं निमित्त काढलं, तलवार जड हाय, पडंल, अपशकुन हुईल. केरबानं आतनं कोयता आणला, फळीला लावला, कोयता बसला. वर अडकित्ता लावला, तोही बसला. मग नाथाजीनं केरबा म्हशींमागं गेल्यावर फळीला वरच्या अंगाला दोन खिळे ठोकले, तलवार टेकायला. संध्याकाळी केरबानं ते पक्कडीनं उपटले.

"आबा, खिळं मारल्यावर चुंबकाचा उपेग काय? आन् ठोकाठोकी केली की वढ कमी हुती त्येची."

दुसऱ्या दिवशी नाथाजीनं परत ठोकले. केरबानं परत उपटले. तिसऱ्या दिवशी नाथाजी हातोडी घेऊन उभा असताना अंबूबाई आली. त्याला वाटलं, आता ही पोराची बाजू घेणार. पण ती केरबाला म्हणाली, "ऱ्हाऊ दे की रं खिळं. म्हाताऱ्या माणसाचं ऐकावं कवातरी." नाथाजीला बायकोचं एवढं कौतुक तीस वर्षांत वाटलं नव्हतं. केरबानं हो म्हटलं, आणि नवमीच्या सकाळी खिळे उपटून, भोकांत मेण भरून, फळी भिंतीला पक्की केली.

एकदा तर खरं नाथाजीच्या तोंडापर्यंत आलं होतं. केरबा विहिरीवर एकटाच होता. सांगून टाकावं, पोटचा पोर हाय. पण मग तो विचारणार, आबा, तुमी भ्यालासा? हसत विचारणार, जसा लांगरी होतो म्हणून हसत सांगतो. ते हसणं नाथाजीला सोसलं नसतं. त्यानं नुसतंच विचारलं, "म्हशीला पाणी दाखवलंस का?" आणि परत आला.

खंडेनवमीला त्या गावची रीत अशी की थोरल्या घरची तलवार पुजल्याशिवाय भावकीत कुणी आपल्या हत्याराला कुंकू लावायचं नाही. थोरलं घर नाथाजीचं. सकाळी नऊलाच सोपा भरला. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, कोयते, खुरपी रांगेनं मांडलेली. झेंडूच्या माळा. आणि भिंतीवर ती फळी, तेलानं चकाकणारी, खाली चार सुऱ्या चिकटलेल्या. पोरंबाळं सुरी ओढून बघत होती आणि परत लावत होती. टक आवाज आला की हसत होती. केरबाच्या तोंडावरचा आनंद बघून नाथाजीला त्याचा राग राग आला. सहा महिन्यांत त्याला एवढं खूश कुणी बघितलं नव्हतं.

सगळ्यात पुढं भाऊसो बसला होता. नाथाजीचा चुलतभाऊ, धाकट्या घरचा. गोड बोलून चिमटा काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"दादा, ह्या सुऱ्यांनी किती जर्मन मारलं आपल्या केरबानं?" त्यानं विचारलं.

"जर्मन न्हाईत, काका," केरबा म्हणाला. "कोंबड्या."

सोपा हसला. नाथाजीनं मान खाली घातली. केरबानं भिंतीवरची तलवार उतरवली, म्यानातनं ओढली, कपाळाला लावली. मग दोन्ही हातांनी फळीच्या वरच्या अंगाला टेकवली आणि हात काढले.

तलवार घसरली. केरबानं तिला मधेच झेललं, उघड्या पात्याला मूठ घालून. बायकांमधे कुणीतरी हाय म्हटलं. केरबानं तलवार परत टेकवली. परत घसरली. तिसऱ्यांदा त्यानं टेकवलीच नाही. सुऱ्यांशी पाच वर्षं काढलेला हात तो. पातं मुठीत आलं होतं आणि कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. त्यानं आपला तळवा बघितला. मग त्यानं बापाकडं बघितलं.

नाथाजीला कळलं की त्याला कळलं.

 केरबानं तलवार हळूच म्यानात सारली आणि लोकांकडं वळला.

"फळी चुकली माजी," तो म्हणाला. "चुंबक तापवायचा न्हवता, म्या भट्टीत घाटला. सुऱ्यांपुरती वढ हाय, तलवारीएवढी न्हाई."

भाऊसो मांडीवर थाप मारून हसला. "तरी म्या म्हंतो. आरं, लांगऱ्याची फळी ती. कांदं चिरायच्या सुऱ्या धरंल, न्हाईतर काय. पाच पिढ्यांच्या तलवारीला कसली झेपतीया."

मग सगळेच हसले. कुणी म्हणालं, सहा म्हैनं खपून हेच का. कुणी म्हणालं, बापाचा पाट गेला तो गेलाच. केरबाही त्यांच्यात हसत होता, कान लाल झाले होते, आणि तो हसत होता. ज्या फळीसाठी बोटं सोलून घेतली तिला तो सगळ्यांसमोर वाईट म्हणत होता. नाथाजीच्या ध्यानात आलं, आता गप्प राहिलं की झालं. कुणाला काही कळणार नाही. तलवार म्यानात, म्यान भिंतीला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हळदीकुंकू. जे दहाबारा दिवस देवाकडं मागितलं ते पोरानं हातावर आणून ठेवलं होतं.

"काका, तुमच्या घरची तलवार आणा की," कुणीतरी भाऊसोला म्हणालं. "तुमची जरा हलकी हाय. लावून बगू."

"आमची देवघरातनं हलवत न्हाईत आमी," भाऊसो चटकन म्हणाला. "आन् ह्या लांगऱ्याच्या फळीवर तर मुळीच न्हाई."

दुसऱ्यांदा लांगऱ्या म्हटला तो. नाथाजीला सहा महिन्यांचा सगळा वैताग एकदम आला, पाटाचा, पोत्याचा, ठोकाठोकीचा, आणि तो केरबावर नव्हता. तो उठून उभा राहिला.

"फळी खरी हाय," तो म्हणाला. "तलवार खोटी हाय."

 नाथाजीनं म्यान हातात घेतलं, तलवार उपसली, सोप्याच्या उंबऱ्याच्या दगडावर पातं दोनदा घासलं. कल्हई गेली, खाली पिवळं पितळ दिसलं. ते त्यानं सगळ्यांना दाखवलं, डावीकडनं उजवीकडं.

"नाटकवाल्याची हाय. आपली न्हाई. आपली म्या बेचाळीसला मारुतीच्या मागल्या आडात टाकली. झडती येनार म्हनलं कुणी, आन् मी भ्यालो. झडती आली न्हाई. चार वर्सं तुमी पितळंच्या पाया पडताय. पोराला कायबी बोलू नगा. त्येनं मला झाकलं."

एवढं बोलून त्यानं पितळेची तलवार भुईवर ठेवली. केरबानं त्याला हात धरून बसवलं.

माजघराच्या दारातनं अंबूबाई म्हणाली, "मला ठावं हुतं."

नाथाजीनं मान वळवली.

"दरसाल दसऱ्याला तलवार घासती कोण? आपली लोखंडाची हुती तवा पावसाळ्यात गंज धरायची, म्या खोबऱ्याचं त्याल लावून चार चार दिस घासायची. ह्या तलवारीला गंज न्हाई. उलट पिवळी पडाय लागली. दोनदा म्या कल्हईवाल्याकडनं कल्हई लावून घेटली, तुमी पेन्शनीला साताऱ्याला गेल्तासा तवा. तुमची आब्रू म्हून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलायची वाट बघत हुते," अंबूबाई म्हणाली. "आन् खिळं ऱ्हाऊ दे म्हनलं तर ह्यो ऐकतोय कुठं."

भावकीला काय करावं ते समजेना. थोरल्या घरची तलवार पुजल्याशिवाय कुणी कुंकू लावायचं नाही, आणि थोरल्या घरात तलवारच नाही. नाथाजीनं इकडंतिकडं बघितलं. मग उठला, फळीवरची सगळ्यात लहान सुरी ओढली, झिजून झिजून पातं निम्मं राहिलेली, कांदे चिरायची. तिला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि तलवारीच्या जागी, फळीच्या वरच्या अंगाला टेकवली. टक आवाज झाला.

"साडेतीनशे माणसं जेवलीत हिच्यावर," तो म्हणाला. "पाया पडा."

आधी अंबूबाई पडली. मग एकेक करून सगळे. भाऊसो शेवटी पडला. तब्येत बरी नाही म्हणत मटणालाही थांबला नाही.

केरबा मात्र विचारात होता. जेवताना भाकरी हातात धरून बसला होता. नाथाजी पोत्यावर, तो शेजारी जमिनीवर.

"आबा, आडात पाणी किती?"

"का रं?"

"तलवार आडात हाय म्हंजे हाय की. लोखंडाला काय पाय फुटत्यात व्हय. चुंबक दोरीला बांधून सोडायचं."

"म्हंजे फळी फोडनार आता?" नाथाजी ओरडलाच. "आरं, सहा म्हैनं, माजा पाट, गोठ्याचं दार, आज कुठं भिंतीला लागली, आन् उद्या फोडनार?"

"परत करीन," केरबा म्हणाला.

नाथाजीनं कपाळाला हात लावला.

दसऱ्याच्या सकाळी अर्धं गाव मारुतीच्या मागं जमलं. केरबानं फळीतनं चारही चुंबक काढले होते, राळेसकट, आणि एका दांडक्याला आवळून मोटेच्या दोरीला बांधले होते. पडका आड अरुंद, आत पिंपळ उगवलेला, खाली काळं पाणी. त्यानं दोरी सोडली. तळाला लागली तशी हळूहळू ओढत फिरवली. पहिल्या खेपेला बादलीची कडी आली. मग खुरपं. मग बैलाच्या पायाची पत्री. नाथाजी काठावर उकिडवा बसून प्रत्येक वस्तूला नावं ठेवत होता. "चिखुल वर काढाय आलाय का तलवार? जरा डावीकडं. डावीकडं म्हनलं की उजवीकडं जातोय."

पाचव्या खेपेला दोरी जड झाली. केरबानं दोन्ही हातांनी ओढली, हलक्या हातानं, झटका न देता. पाण्यावर आधी चुंबक आला, मग त्याला आडवी चिकटलेली लांबडी, काळी, शेवाळलेली वस्तू. लोक पुढं सरकले. केरबानं ती काठावर घेतली आणि बापापुढं ठेवली.

तलवारच होती. गंजून पातं खपल्या खपल्यांचं झालेलं. नाथाजीनं धोतराच्या सोग्यानं मूठ पुसली. शेवाळ गेलं तसा खालचा पितळी मोर दिसायला लागला, चोच मोडलेला.

थोरल्या घरच्या तलवारीच्या मुठीवर मोर नव्हता. साधी वाटी होती.

हा मोर नाथाजीला चांगला माहीत होता. भाऊसोच्या लग्नात नवरदेवाच्या हातात धाकट्या घरची तलवार द्यायची, ती थोरला भाऊ म्हणून त्यानंच दिली होती. चोच त्याच दिवशी घोड्यावर चढताना मोडली होती, आणि मांडवात सगळे हसले होते.

त्यानं वर बघितलं. भाऊसो गर्दीच्या कडेला उभा होता. हसत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते नाथाजीला कुणी सांगायला नको होतं, चार वर्षं तो ते स्वतः घेऊन हिंडला होता. देवघरातनं का हलवत नाहीत तेही कळलं. कालचं सगळं आठवलं, लांगऱ्याची फळी, मांडीवरची थाप. आता नुसतं मोरावर बोट ठेवायचं काम होतं. नाथाजीनं हाताच्या पंजानं मूठ झाकली.

"कुणाचं तरी जुनं लोखंड दिसतंय," तो म्हणाला. "केरबा, टाक आत."

"आबा, तलवार हाय की."

"आपली न्हाई. टाक म्हंतो न्हवं."

"पर कुणाची तरी असंल की, इचारू तर..."

"आरं तुला एकदा सांगून कळत न्हाई का रं? सहा म्हैनं बगतोय मी. टाक."

केरबानं बापाच्या पंजाकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं. आणि काही न विचारता तलवार उचलून आडाच्या तोंडावर धरली.

"टाकू नगं," भाऊसो म्हणाला.

गर्दी वळली. भाऊसो पुढं आला. पायातल्या वहाणा त्यानं बाजूला काढून ठेवल्या, जणू देवळात चालला होता.

"टाकू नगं, केरबा. माजी हाय ती. त्याच सांजेला म्याबी टाकली."

नाथाजीनं काठावर सरकून त्याला बसायला जागा दिली. केरबानं तलवार दोघांच्या मधे ठेवली आणि चुंबक परत आत सोडला.